मॅडम काय म्हणाल्या

सासऱ्यांची गाडी राहणार की जाणार हे आता माझ्या हातात आहे, असं मला फोनवर कळवण्यात आलं तेव्हा मी एका बाईंची अक्कलदाढ काढत होतो. मी दातांचा डॉक्टर आहे. पण मागे एकदा मी सासूबाईंच्या टीव्हीचा रिमोट दुरुस्त केला, म्हणजे आतले उलटे बसलेले सेल सुलटे घातले, तेव्हापासून सासरी मला इंजिनिअर समजतात. घरातले खरे इंजिनिअर म्हणजे माझे मेहुणे. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीसुद्धा. पण ते पूल बांधतात, आणि पूल बांधणाऱ्याने असल्या किरकोळ भानगडीत पडू नये असं त्यांचं मत आहे.

गाडी जुनी, परदेशातून आलेली, आधी दोघांनी वापरलेली. रस्ता सांगणारं यंत्र तिच्यात जन्मापासून बसवलेलं. हल्लीसारखं फोनवर चालणारं नव्हे. सगळा नकाशा एका चकतीवर, आणि ती चकती मागे डिकीत, गालिच्याखाली दडवलेल्या एका डब्यात. पुढे छोटासा पडदा आणि एका बाईचा आवाज. त्या आवाजाला घरातले सगळे मॅडम म्हणत. मॅडम वळा म्हणाल्या की सासरे वळत. गेल्या महिन्यात मॅडमनी अचानक मौन धरलं, पडद्यावर ‘चकती वाचता येत नाही’ एवढंच उरलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात सगळं घर एका लग्नाला निघालं. मी दवाखान्यामुळे गेलो नव्हतो. मंडळी लग्नाच्या हॉलऐवजी सिमेंटच्या कारखान्याच्या फाटकाशी पोचली. तिथून वळून हॉलवर गेली तेव्हा नवरा-नवरी निघून गेले होते आणि माणसं खुर्च्या एकात एक घालून ठेवत होती.

दादांनी त्याच संध्याकाळी निकाल दिला. “बाबांना आता रस्ते लक्षात राहत नाहीत. गाडी विकून टाकू. शेजारचे घ्यायला तयार आहेत. बाबांना कुठे जायचं असलं तर मी नेऊन सोडीन.”

सासरे कोर्टात स्टेनो होते. जन्मभर दुसऱ्यांची भांडणं लिहून घेतली, स्वतः भांडायची सवयच राहिली नाही. त्यांचा बचाव एका वाक्याचा होता, “यंत्र बंद होतं.” मग बरीच घासाघीस होऊन तडजोड निघाली. यंत्र दुरुस्त करायचं. येत्या रविवारी सासऱ्यांनी स्वतः गाडी चालवत सगळ्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला आत्याबाईंकडे, म्हणजे त्यांच्या ताईकडे, न्यायचं. चुकले तर गाडी शेजाऱ्यांची, न चुकले तर विषय बंद. आणि यंत्र कोणी दुरुस्त करायचं? जावयाने. अडला हरी कोणाचे पाय धरतो ते सर्वांना ठाऊक आहे.

मी दाताचा आरसा, कपाळावर बांधायचा दिवा आणि चिमटे घेऊन हजर झालो. सासरे गॅरेजमध्ये माझी वाट पाहत उभे होते.

“डॉक्टर,” ते हळू आवाजात म्हणाले, “दर गुरुवारी मी ताईकडे जातो. जेवतो, तिच्याशी भांडतो, मनात येईल तेव्हा परत फिरतो. दादा म्हणतो, मी नेऊन सोडीन. म्हणजे सकाळी नेऊन टाकणार आणि संध्याकाळी घेऊन येणार. मी काय इस्त्रीचे कपडे आहे?”

“बघू या, बाबा,” मी म्हणालो. दात वाचेल का असं विचारणाऱ्या पेशंटला मी हेच सांगतो आणि तेव्हाही माझा स्वतःवर विश्वास नसतो.

मी डिकीत डोकं घातलं. गालिचा उचलला, डबा सापडला. त्याला पुढे एक चीर होती, त्यातून आरसा घातला, दिवा पाडला. आतून काही कळेना, पण माणसाला बरं वाटावं म्हणून मी “हं, हं” करत राहिलो. तेवढ्यात सल्लागार मंडळ जमलं.

“उलटी घातली असेल,” सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या.

“अरे, आधी बंद करून चालू कर ना,” माझी बायको पायरीवर बसून म्हणाली.

“फ्यूज बघितला का, विचार त्यांना,” बायकोच्या हातातल्या फोनमधून दादा म्हणाले. ते कुठल्यातरी पुलावर होते.

उंटावरून शेळ्या हाकायला या घरात कधी माणसं कमी पडलेली नाहीत. सासरे मात्र बॅटरी धरून गप्प उभे होते. चकती बाहेर आली. तिच्यावर एक गोल ओरखडा होता. मी ती मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली, कारण गोल गोल पुसायची नसते असं वाचलं होतं. नाही चालली. आतला भिंगाचा डोळा स्पिरिटच्या बोळ्याने साफ केला. तरी नाही. फ्यूज पाहिला, तो ठणठणीत. मग मला अक्कल सुचली. गाडीच्या बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवली तर यंत्र ताजंतवानं होतं म्हणे. तार काढली, चहा घेतला, तार लावली. पडद्यावर आता ‘चकती वाचता येत नाही’ हे वाक्यही उरलं नाही. त्या जागी कुठल्यातरी परक्या देशाची अक्षरं आली. माझ्या कृपेने यंत्र आपली शिकलेली भाषा विसरून मातृभाषेवर गेलं होतं.

“हात दाखवून अवलक्षण,” मी म्हणालो.

“काही हरकत नाही,” सासरे म्हणाले. “आवाज येतो का ते बघा. आवाज महत्त्वाचा.”

ते मला तेव्हा जरा विचित्र वाटलं, पण मी घामाघूम होतो आणि विचार करायच्या मनःस्थितीत नव्हतो.

शनिवारी मी जुन्या गाड्यांच्या भंगारात गेलो. तिथल्या माणसाने चकत्यांनी भरलेलं एक खोकं पुढे ढकललं आणि “शोधा तुमची तुम्हीच” म्हणून तो वर्तमानपत्रात शिरला. आमच्या चकतीसारखीच पिवळी एक मिळाली. ती घातली, आणि काय सांगू, पडदा उजळला, टुंग असा आवाज आला, आणि मॅडम बोलल्या! अर्थात त्या परक्या भाषेत. मी भाषा बदलायला म्हणून हाताला येईल ते बटण दाबत गेलो. शेवटच्या बटणाला रस्त्यांचं जाळं दिसलं, त्यात एक हिरवा बाण आला, आणि मॅडम घडाघडा बोलायला लागल्या. पुन्हा काही बिघडायच्या आत मी किल्ली फिरवून सगळं बंद केलं आणि घरात जाऊन यंत्र चालू झाल्याची घोषणा केली.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. सासरे स्टिअरिंगच्या चक्राशी, मी कारागीर म्हणून पुढे, मागे सासूबाई, बायको आणि मध्ये परीक्षक दादा.

“आत्याचा पत्ता घातलात का यात?” दादांनी विचारलं.

पत्ता घालायचा असतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

“घातलाय,” सासरे म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

मॅडम बोलल्या. सासरे डावीकडे वळले.

“काय म्हणाली ती?” सासूबाईंनी विचारलं.

“डावीकडे.”

“तुम्हाला कसं कळतं?”

“शेवटी आवाज खाली उतरला की डावीकडे.”

दादांनी मान डोलावली. इंजिनिअर माणसाला कुठल्याही गोष्टीत नियम सापडला की समाधान होतं. गाडीत कमालीची शांतता होती. न कळणाऱ्या भाषेत कोणी अधिकाराने बोलायला लागलं की भले भले तोंडात मूग धरून बसतात, हे मी दवाखान्यातही पाहिलं आहे. पुढे मॅडम जरा लांबलचक बोलल्या.

“आता काय?”

“पुढे खड्डा आहे म्हणते.”

आणि खरंच खड्डा आला. “बाई हुशार आहे हो!” सासूबाई म्हणाल्या.

पहिल्या सिग्नलला गाडी थांबली आणि मी कौतुकाने पडद्याकडे पाहिलं. गाडी उभी होती. पडद्यावरचा बाण चालत होता. तो एका लांबलचक पुलावरून, निळ्याशार पाण्यावरून, मजेत चालला होता. आमच्या गावात नदी नाही. माझी पाचावर धारण बसली. मी काल जे चालू केलं ते रस्ता सांगणं नव्हतंच, तो दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना होता! यंत्र परक्या देशातल्या परक्या शहरात एकटंच फिरत होतं आणि स्वतःलाच रस्ता सांगत होतं.

मी दोन्ही हातांनी पडदा झाकला.

“काय झालं?” दादा पुढे वाकले.

“ऊन,” मी म्हणालो. “ऊन पडतंय. काचेला बरं नाही.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती किती वेळ झाकायची याचा काही हिशेब सांगून ठेवलेला नाही. मी सासऱ्यांकडे तिरक्या नजरेने पाहिलं. ते शांतपणे चालवत होते. मॅडम बोलत होत्या, ते वळत होते. कधी मॅडमच्या आधी, कधी नंतर. मग पाच रस्ते मिळतात तो मोठा चौक आला, आणि नेमक्या तिथे मॅडम गप्प झाल्या.

मागे तीन घसे एकदम साफ झाले.

“बाबा, उजवीकडून घ्या, उड्डाणपुलाखालून,” दादा म्हणाले.

“छे, तिकडे रस्ता खणलाय! बाबा, सरळ जा,” माझी बायको म्हणाली.

“अहो, तो दुसरा, तो औषधांच्या दुकानाचा! दुसरा म्हणजे तो नव्हे!” सासूबाई त्यांचा खांदा हलवत होत्या. “ऐकत का नाही तुम्ही?”

सासऱ्यांनी चक्र इकडे फिरवलं, परत तिकडे. मागून भोंगे वाजायला लागले. त्यांनी ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. चेहरा पार उतरला होता, शिक्षा ऐकायला उभ्या असलेल्या माणसासारखा. सिमेंटच्या कारखान्याचा रस्ता कसा सापडला असेल ते मला त्या चौकात समजलं, आणि मला त्या तिघांचा मनापासून राग आला.

तेवढ्यात मॅडम बोलल्या. एकदम सगळे चूप. सासऱ्यांनी श्वास घेतला, चक्र सरळ केलं आणि औषधांच्या दुकानालाही न जाता चौथ्याच रस्त्याला गाडी घातली. थोड्याच वेळात आम्ही आत्याबाईंच्या दारात होतो.

“मानलं, बाबा!” दादांनी त्यांचा हात हातात घेतला. “मीच चुकलो. आता विकायचं नाव नाही. फक्त एक करा, यंत्राशिवाय चालवू नका.”

सगळे आत गेल्यावर मी सासऱ्यांना गाडीजवळ गाठलं. “बाबा, एक सांगायचंय. ते यंत्र...”

“भलत्याच गावात फिरतंय,” ते म्हणाले. “गल्लीच्या तोंडाशीच कळलं मला.”

“मग तुम्ही आलात कसे?”

“ताईकडे यायला मला यंत्र कशाला? अहो, कोर्टात एका वेळी एकच माणूस बोलायचा, म्हणून तर मला लिहिता यायचं. दोघे बोलले की साहेब दटावायचे. गाडीत मी कोणाला दटावू? बायकोला? मुलाला?” त्यांनी किल्ली खिशात टाकली. “वाईट वाटतं हो, डॉक्टर. मला वेड लागलं असं पोरं समजायला लागली होती. मलाही कधीकधी वाटायचं, खरंच लागलं की काय. ती बाई बोलायची तोवर हे गप्प बसायचे, आणि मला माझा रस्ता दिसायचा.”

मी उगाच गाडीच्या काचेवरची धूळ पुसली.

परतताना घोळ झाला. मागे बसून गुडघे आखडले म्हणून सासूबाईंनी पुढची जागा पकडली. मी खूप सांगून पाहिलं, कारागिराला पुढे असावं लागतं वगैरे, पण त्या बसल्या त्या बसल्याच. मी मागे दादांशेजारी जीव मुठीत धरून बसलो.

पहिल्याच सिग्नलला गाडी थांबली. सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग बाहेर, लाल दिव्याकडे. मग परत पडद्याकडे. आणि मग त्या मान वळवून नवऱ्याकडे पाहत राहिल्या. सासरे समोर नजर लावून बसले होते. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. सासूबाईंनी आता एक शब्द काढला की उद्या गाडी शेजाऱ्यांच्या दारात.

मॅडम काहीतरी बोलल्या.

“आई, तुला दिसतंय ना तिथून?” दादा पुढे वाकून म्हणाले. “काय म्हणाल्या मॅडम?”

सासूबाईंनी आपली भलीमोठी पर्स मांडीवरून उचलून पडद्यासमोर उभी केली.

“सरळ,” त्या म्हणाल्या.

दिवा हिरवा झाला, गाडी सरळ निघाली. पुढे मॅडम परत बोलल्या. या वेळी कोणी विचारलंही नव्हतं.

“म्हणते, जरा हळू घ्या.”

सासऱ्यांनी गाडी हळू घेतली.

“म्हणते, त्या ट्रकच्या जवळ जाऊ नका.”

सासरे ट्रकपासून लांब झाले.

“म्हणते, घरी गेल्यावर पाय वर करून जरा पडा. सकाळपासून दमलात.”

“आई,” दादा म्हणाले, “आत्ता तर मॅडम काही बोलल्याच नाहीत.”

“तुला नाही ऐकू आलं,” सासूबाई म्हणाल्या.

“बरं,” सासरे म्हणाले, आणि घराच्या वळणाला त्यांनी मॅडमची वाट न पाहता गाडी वळवली.