कबुतरांची डीव्हीडी

कठोर शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही, हे माझं रोजचं व्रत. आवाज चढवायचा नाही, हे दुसरं. आणि संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की रात्रीच्या जेवणापर्यंत मौन, हे तिसरं. ज्यांना ही सोपी वाटत असतील त्यांनी आमच्याकडे आठवडाभर राहायला यावं. पाहुणचारात काही कमी पडू देणार नाही. फक्त आमचे हे टीव्हीसमोर बसले की त्यांच्या शेजारी बसायचं आणि हूं की चूं करायचं नाही.

ह्यांची सगळी नोकरी रंगाच्या कारखान्यात झाली. नमुन्याचा रंग आणि डब्यातला रंग तंतोतंत जुळतो का, हे बघायचं काम. दोन रंग अगदी सारखे आहेत असं ह्यांनी जन्मात कधी कबूल केलं नाही. त्याचा पगार मिळत होता तोवर ठीक होतं. निवृत्त झाल्यावर ती नजर घरात आली. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर निरनिराळ्या पांढऱ्या रंगांचे चौकोन काढून ठेवलेत, ‘यातला कोणता बरा’ म्हणून. अजून ठरायचंय. आल्यागेल्याला वाटतं ओल आलीय.

“बायको मात्र एका बैठकीत पसंत केलीस रे,” सासूबाई म्हणतात, “नशीब तिचं. नाहीतर तीही भिंतीवरच असती.”

मग ह्यांना कम्प्युटरवर एक मंडळ सापडलं. जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी ताडून बघणाऱ्यांचं. एकच सिनेमा देशोदेशी निघतो आणि प्रत्येक देशातलं चित्र वेगळं असतं म्हणे. ही माणसं एकाच प्रसंगावर दोन्हीकडची चित्रं थांबवतात, शेजारी शेजारी लावतात आणि भांडतात. ‘पण सिनेमा कधी बघता?’ असं मी एकदा हळूच विचारलं होतं. ‘अगं, बघतोच आहोत की,’ म्हणाले. बघत होते खरे. सकाळपासून एकाच कंदिलाकडे.

तो कंदील ज्या सिनेमातला, त्याचीच ही गोष्ट.

सिनेमा जुना, कृष्णधवल. समुद्रातल्या दीपगृहाचा रखवालदार रागाच्या भरात मुलीला घराबाहेर काढतो. पुढे कित्येक वर्षांनी ती धुक्यातून होडी वल्हवत परत येते आणि दारावर थाप मारते. बोलणं कमी, वारा जास्त. सासूबाईंनी तो तरुणपणी थिएटरात पाहिला, सासऱ्यांबरोबर. मांडीवर आमचे हे, तान्हे. पडद्यावर दारावर थाप पडली आणि ह्यांनी भोकाड पसरलं. मागच्या रांगेतले लोक ओरडायला लागले, सासरे ओशाळले, आणि तिघंही बाहेर. बापानं दार उघडलं की नाही, हे सासूबाईंना आजवर ठाऊक नाही. कुणी सांगायला लागलं की कानांवर हात ठेवतात. “सांगू नका. मी बघणार आहे.”

आणि आता त्यांचे डोळे चालले होते.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यांच्या आतला पडदा मधोमध झिजतोय, ऑपरेशननं सुधारण्यासारखं नाही. “फिकट असेल ते आधी दिसेनासं होईल. काळं-पांढरं ठळक असेल ते अजून काही काळ दिसेल. काही बघायचं राहिलं असेल, तर आजी, बघून घ्या.”

मी घरी येऊन कामाला लागले. पायरीच्या कडेला काळी पट्टी चिकटवली. त्यांचा पांढरा कप काळ्या ट्रेमध्ये ठेवायला लागले. दिव्यांच्या बटणांभोवती काळ्या चौकटी केल्या. ह्यांनी डॉक्टरांचं शेवटचं वाक्य तेवढं कानात घेतलं.

“आईला सिनेमा दाखवायचा तर उत्तमातला उत्तम दाखवायचा,” म्हणाले. “एकदाच बघणार ती. तो काय कसल्यातरी फुटक्या चित्रात बघायचा?”

घरात एक डीव्हीडी होती. बसस्टॉपच्या मागच्या दुकानातून मीच आणली होती, सासूबाईंच्या वाढदिवसाला. डोळ्यांचं तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. हौसेनं लावली, तर ह्यांनी कपाळावर हात मारला. “हे चित्र आहे? कोळशानं काढलंय नुसतं! धुकं कुठाय? सगळं पांढरंफटक! आणि माणसांच्या कडा बघ, दोरीएवढ्या जाड!”

“मला छान दिसतंय,” सासूबाई म्हणाल्या होत्या.

“आई, तुला यातलं कळत नाही.”

झालं. ह्यांनी ती काढली, सुतळीत ओवली आणि बाल्कनीत टांगली. कबुतरं कुंड्यांत बसतात, तिच्या चमचमाटाला भिऊन पळतील म्हणून. कबुतरं भ्यायली नाहीत. शेजारी बसून तिच्यात तोंड बघायला लागली.

मग सुरू झाली परदेशी पार्सलं. एका देशातून आली तिच्यात चित्र वरून कापलेलं. रखवालदाराला कपाळच नाही. दुसरीत सगळे लगबगीनं चालतात आणि किनऱ्या आवाजात बोलतात, कारण तिकडे म्हणे वेगच जरा जास्त. तिसरीवर हिरवट झाक, जणू सगळ्यांना मळमळतंय. चौथी आमच्या प्लेअरनं घेतलीच नाही. एका देशाची डीव्हीडी दुसऱ्या देशात चालू नये अशी कंपन्यांनीच सोय करून ठेवलीय, हे मला तेव्हा कळलं. म्हणून तिच्यासाठी दुसरा प्लेअर आला. दर वेळी सासूबाई शेजारी येऊन बसायच्या, दर वेळी तो कंदील दिसायचा, चित्र थांबायचं, आणि हे म्हणायचे, “छे. ही नव्हे. एक चांगली निघतेय बाहेर, मूळ फिल्मवरून नव्यानं केलेली. ती येऊ दे.”

“येऊ दे,” सासूबाई म्हणायच्या आणि भिंतीला हात लावत आपल्या खोलीत जायच्या. आधी त्या भिंतीला हात लावत नसत.

माझ्या नणंदेचा फोन आला. “काय गं वहिनी, बघितला का आईनं?”

“नाही अजून.”

“अडलंय कुठे?”

“धुक्यात,” मी म्हटलं.

“दादाला दे.” मी स्पीकरवर टाकला. “दादा, आईचे डोळे थांबणार आहेत का तुझ्या पार्सलसाठी?”

“अगं, त्या धुक्यात करड्या रंगाचे किती थर आहेत, तुला कल्पना आहे? तुला करडा कळतो का?”

“मला आई कळते,” नणंद म्हणाली आणि फोन आपटला. तिला आवाज चढवायची मोकळीक आहे. हेवा वाटला मला.

त्या दिवसांत जपाला बसले की मणी सरकायचे आणि मनात एकच चालायचं: लावा एकदाची, लावा एकदाची. देवापर्यंत हा जप पोचला असेल तर त्याचीही करमणूक झाली असेल.

शेवटी आली ती. जाड पुठ्ठ्याची पेटी, सोबत पुस्तिका. ह्यांनी हात धुऊन, पुसून, दोन बोटांच्या टोकांवर डीव्हीडी धरली. देवाचं निर्माल्यसुद्धा मी इतकं जपून उचलत नाही. संध्याकाळी पडदे ओढले. मी नुकताच दिवा लावला होता, म्हणजे मौन सुरू झालं होतं.

“अगं, तुझी ज्योत टीव्हीच्या काचेत दिसतेय. जरा आड करतेस?”

मी देवाकडे बघितलं. मग एक पुस्तक उभं करून ज्योत आड केली. बोलले काहीच नाही.

सासूबाई केस विंचरून, कपाटातली चांगली शाल पांघरून बसल्या होत्या, थिएटरात जायचं असल्यासारख्या. सिनेमा सुरू झाला. खोटं कशाला बोलू, चित्र सुंदर होतं. धुक्यातून धुकं निघत होतं. रेशमाची घडी उलगडावी तसं. हे खुर्चीच्या टोकाला आले. “बघ आई! थर बघ. त्याच्या मागे होडी येतेय, बघ, आधी नुसती सावली...”

चांगला वेळ गेला. रखवालदार आला, गेला. कंदील आला.

“अरे, सुरू कर ना,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“किती जुळवाजुळव करशील? मघापासून वाराच ऐकतेय मी. आता चित्र लाव.”

ह्यांनी रिमोट उचलला, उजेड वाढवला. “आता, आई?”

“जरा पांढरं झालं.”

“आता?”

“पांढरंच आहे, बाळा. राहू दे. नंतर बघू.”

‘नंतर’ म्हणताना त्यांनी शाल काढायला घेतली, आणि माझ्या घशाशी इतकं काही आलं की बोलले असते तर तिन्ही व्रतं एका दमात गेली असती. मी उठले. बाल्कनीत गेले. सुतळीची गाठ सुटेना तेव्हा कात्रीनं कापली. डीव्हीडीवर कबुतरांनी आपलं मत नोंदवलेलं होतं. ती मोरीत साबणानं धुतली, मऊ फडक्यानं आतून बाहेर पुसली आणि ह्यांच्यासमोर धरली.

“हे काय? कबुतरांचं?”

मी पायरीच्या काळ्या पट्टीकडे बोट दाखवलं.

“पट्टी निघाली का?”

मी मान हलवली. ट्रेमधला कप दाखवला. बटणाची चौकट दाखवली. डीव्हीडी त्यांच्या नाकासमोर नाचवली.

“काय म्हणतेय ती?” सासूबाईंनी विचारलं.

“काही म्हणत नाहीये, मौन आहे तिचं. पट्टी दाखवतेय.”

“मग पट्टी बघ की, गाढवा!”

ह्यांनी पट्टीकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या डीव्हीडीकडे. मग आईकडे. “ठळक,” असं पुटपुटले, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. “आई, तू तेव्हा म्हणाली होतीस ना, छान दिसतंय म्हणून?”

“म्हणाले होते. मला यातलं कळत नाही असं ठरलं होतं.”

ह्यांनी मुकाट्यानं नवी डीव्हीडी काढून पेटीत ठेवली आणि कबुतरांची लावली. तेच पांढरंफटक आकाश, त्यावर कोळशानं ओढल्यासारखी माणसं. मला तर डोळ्यांत खुपलं. सासूबाई मात्र मान थोडी तिरकी करून पुढे झुकल्या.

“हा म्हातारा!” त्या म्हणाल्या. “अरे, मिशा आहेत की याला! आणि हा कंदील. हाच ना रे, तुझा?”

“हाच,” हे म्हणाले. थोड्या वेळानं राहवेना. “धुकंच नाहीये पण यात. आई, त्या धुक्यासाठी दिग्दर्शक महिनाभर थांबला होता.”

“मी त्याच्याहून जास्त थांबलेय. गप बस.”

होडी आली तिथे चित्र अडकलं. ओरखडा होता, कबुतराच्या नखाचा असावा. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. हे गुडघे धरत खाली बसले, डीव्हीडी काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली, पुन्हा घातली. चित्र अडखळलं आणि चालू झालं. सवयीनं ह्यांचा अंगठा रिमोटच्या ‘थांबा’वर गेला होता, सासूबाईंनी न बघताच तो बाजूला केला.

मुलगी होडीतून उतरली. पायऱ्या चढली. दारावर थाप पडली.

“आता रडू नकोस हं,” सासूबाई ह्यांना म्हणाल्या.

ह्यांनी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले होते.

दार कुणी उघडलं नाही. पुन्हा थाप. पुन्हा कुणी नाही. मुलगी परत जायला वळली, थांबली, आणि हातानं दार नुसतं ढकललं. ते उघडलं. आत म्हातारा दाराकडे तोंड करून खुर्चीत झोपला होता. मुलीनं दाराची आतली बाजू चाचपून बघितली. कडी काढून टाकलेली होती. तिच्या खिळ्यांची भोकं तेवढी उरली होती, जुनी.

“कडीच नव्हती होय!” सासूबाई म्हणाल्या. मग हसायला लागल्या, शालीनं डोळे पुसत. “मी आपली म्हणतेय, उघडतो की नाही, उघडतो की नाही. कडीच नाही! आणि तुझे बाबा जन्मभर पैज लावून, की तो उघडत नाही. मी म्हणायचे, उघडतो. हरले. मीही हरले.” त्यांनी ह्यांच्या पाठीवर थोपटलं. “रडला नाहीस. शहाणा झालास.”

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आमचं घर आहे हे.

सासूबाईंना हुरूप आला. त्यांना त्या काळातले आणखी सिनेमे आठवले. ह्यांनी मंडळावर लिहिलं: अमुक सिनेमाची सगळ्यात भडक, धुकं-बिकं पुसून टाकलेली, जाड कडांची प्रत कुणाकडे आहे? मंडळाला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. मग लोकांनी अडगळीतून काय काय काढून पाठवलं. आता आमच्याकडे पार्सलं येतात ती वाईट डीव्हीडींची.

काल दुपारी दोन्ही प्लेअर चालू होते. टीव्हीवर एक बाई दिव्याखाली उभी, थांबवलेली. “हिच्यात काळं जास्त काळं आहे,” हे म्हणत होते, “पण कडा त्या दुसरीत जाड आहेत. म्हणजे तशी दोन्ही भिकारच, पण नेमकी जास्त भिकार कोणती, हे ठरवायला हवं. आणखी एक येतेय बाहेरून, ती म्हणे बघवतच नाही. ती येऊ दे.”

“अरे, सुरू कर ना,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी शाल पांघरलेली होती.

दिवा लावायला अजून अवकाश होता. मी ह्यांच्याजवळ गेले आणि आवाज न चढवता म्हटलं, “अहो, रिमोट जरा इकडे द्या.”

“कशाला?”

कठोर शब्द बोलायचा नाही, एवढंच माझं व्रत आहे. रिमोट हिसकावायचा नाही, असं त्यात कुठेही नाही.