अर्धवट राहिलेली कॉलर

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. अंगावरची सोनेरी नक्षी पुसली गेली आहे, पण आठवण शाबूत आहे. कारखान्यातून निघाले ती थेट एका शिंप्याच्या दुकानात आले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर एकटे होते आणि भारी संशयी. दोऱ्याची रिळंसुद्धा उलगडून बघत.

एके दिवशी एक बाई काम मागायला आली. "माझं कुणी नाही," एवढंच म्हणाली. हात सफाईदार होता. काम थांबवलं की ती सुई वर घ्यायची आणि खाली चिंधी ठेवायची, म्हणजे माझे दात झिजत नाहीत. पण दारात पाऊल वाजलं की तिचा पाय थबकायचा.

"बाई, तुमचं खरं नाव काय?" मास्तरांनी एकदा विचारलं.

"शिवण सरळ येते ना?"

"शिवण येते. माणूस कळत नाही."

"मग कळेपर्यंत चहा तरी पाजा!"

तेव्हापासून मास्तर दोन कप मागवू लागले. ती यायच्या आधी मला तेल घालू लागले.

मग एक माणूस पँट आखूड करायला घेऊन आला. माप देईना. बाई जेवायला गेली होती, तर तिच्या रिकाम्या स्टुलाकडे सारखा बघे. मला तेव्हाच खटकलं. दुसऱ्या दुपारी मास्तर बटणं आणायला गेले आणि तो पुन्हा आला. "ओरडलीस तर मास्तर जिवंत राहणार नाही," तो हळूच म्हणाला. बाई उठली. बाहेर त्याने शेजारच्या घड्याळवाल्याला सांगितलं, "मी हिचा भाऊ. घरी नेतोय."

मास्तर परतले तेव्हा घड्याळवाला हसला. "बाईंना भाऊ घरी घेऊन गेला म्हणे! माझी बहीण तर इतक्या मुकाट्याने दारापर्यंतही येत नाही."

मास्तरांचा चेहरा पडला. "खोटारडी निघाली," म्हणत त्यांनी मान फिरवूनच माझ्यावर चादर टाकली. मला ओरडता येत नव्हतं.

सहा दिवसांनी एक गिऱ्हाईक शर्टासाठी अडून बसलं, तेव्हा चादर निघाली. कॉलर अर्धवट, सुई कापडात रुतलेली, चिंधी नाही. मास्तरांनी सुईवर बोट ठेवलं. "ती गेली नाही. तिला नेलंय."

तिच्या स्टुलाकडे बघणारा तो माणूस त्यांना आठवला, आणि दुकानातच राहिलेली त्याची पँट त्यांनी काढली. कमरेच्या आत लाँड्रीची खूण होती. पोलिसांना घेऊन ते लाँड्रीत गेले, तिथून पत्ता मिळाला. पँटवाला एका गोदाममालकाचा ड्रायव्हर होता. मालकाने विम्यासाठी गोदामाला लावलेली आग बाईने पाहिली होती. साक्षीपर्यंत ती नाव बदलून लपली होती. मालकाच्या बंगल्यातल्या कुलूपबंद खोलीत ती सापडली.

दुकानात आल्यावर ती म्हणाली, "सहा दिवस, मास्तर?"

"मला वाटलं, तुम्ही..."

"मला रोज वाटायचं, आज येतील."

तिने साक्ष दिली. खरं नाव लावून मास्तरांशी लग्न केलं. तेवीस वर्षं आम्ही तिघांनी एका खोलीत काम केलं.

आता ती नाही. मास्तर माझ्यासमोर बसतात, पण मला चालवत नाहीत. परवा घड्याळवाला म्हणाला, "तेवीस वर्षं मिळाली की, मास्तर."

"सहा दिवस कमी," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्या पडून राहिल्या की गंजतात. पण आपलं माणूस न सांगता गेलं, तर रुसून बसू नका. आधी चपला घाला आणि शोधायला निघा.