कालिनाच्या उजव्या नडगीवरचा पॅड

मित्रांनो, जरा आपल्या नडगीवर बोट टेकवून बघा. कातडीखाली लगेच हाड लागतं ना? देवाने अंगभर गादी घातली आणि नेमका इथेच विसरला. त्या विसरलेल्या जागेवर उभं राहणं हे माझं काम. मी एक जुना शिनपॅड आहे, उजव्या पायाचा.

जन्मलो तेव्हा मी आजच्या दुप्पट होतो. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पसरलेला, बर्फावरच्या हॉकीचा पॅड. कडक प्लास्टिकची पाठ आणि आत जाड नमदा. व्हेग्रेव्हिल गावच्या ओरेस्ट पानासुकने मला घेतलं तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. कॅनडातल्या आमच्या अल्बर्टात त्या वयाच्या मुलाला हॉकी खेळतोस का असं कोणी विचारत नाही. कुठल्या जागेवर खेळतोस, एवढंच विचारतात.

एका सामन्यात रबराची चकती माझ्या कडेच्या खाली, जिथे मी पुरत नव्हतो, तिथे बसली. टक् असा आवाज झाला. प्रेक्षकांना तो ऐकू गेला नाही, मला गेला. पुढच्याच क्षणी आत एका जागी, बोटाच्या टोकाएवढी, ऊब जाणवू लागली. ओरेस्टने दात दाबले, नडगीला हॉकीची कापडी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली आणि तो शेवटपर्यंत खेळला. गावाने त्याला खांद्यावर घेतलं. अजूनही दर हिवाळ्यात कॉफीच्या दुकानात कोणी ना कोणी ती गोष्ट काढतं आणि ओरेस्ट मान खाली घालून हसतो. आपल्याकडे दुखणं लपवून खेळणाऱ्याला वाघ म्हणतात. ते हाड वाकडं जुळलं, पुढच्या मोसमात वाघाची जागा रिकामी राहिली, ही गोष्ट मात्र कॉफीच्या दुकानात कोणी काढत नाही.

मी गॅरेजात खिळ्याला लटकत राहिलो. मग एके दिवशी ओरेस्टची मुलगी कालिना म्हणाली, "टाटो, मला हॉकी नाही खेळायची. मला फुटबॉल खेळायचाय." टाटो म्हणजे बाबा, पानासुकांच्या युक्रेनी घरातला शब्द.

"फुटबॉल? बर्फ पडल्यावर काय करणार?"

"खेळणार."

टाटोचं तोंड दोन दिवस उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने करवत काढली, मला आणि डाव्या पायाच्या माझ्या भावाला अर्ध्यावर कापलं, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या आणि जुन्या बुटातला लोकरी थर आत चिकटवला. रुसलेला बाप याहून जास्त काय करणार! त्या दिवसापासून मी कालिनाचा झालो.

आमच्याकडे हिवाळा लांब. सहा-सहा महिने मुली हवा भरून फुगवलेल्या घुमटात खेळतात. वर ताडपत्री, पायाखाली प्लास्टिकचं गवत आणि त्याखाली सिमेंट. कालिना त्या सिमेंटवर धावली, पडली, वाढली. तिच्या नडगीवर बसलेल्या लाथा मी मोजल्या नाहीत, फक्त झेलल्या. पुढे ती कॅनडाच्या राष्ट्रीय संघात गेली. तिथे सगळ्यांचे पॅड पातळ, पिसासारखे हलके. टोरोंटोकडून आलेली गोलकीपर डेनेल मला बघून पोट धरून हसली होती.

"अगं, हा पॅड आहे की ट्रॅक्टरचा पत्रा?"

"माझ्या टाटोने बनवलाय."

"मग बरोबर. पेरायच्या वेळी परत मागेल बघ."

डेनेलचे आईवडील त्रिनिदादचे. तिच्या जिभेला कुलूप नाही, पण मनात काळं नाही. दोघी कायम एकाच खोलीत राहायच्या.

आता त्या आठवड्याबद्दल सांगतो. वर्ल्ड कपला जायचं तर पनामाला हरवणं भाग होतं आणि सामना एडमंटनला, कालिनाच्या घरापासून तासाभरावर. त्याच आठवड्यात रेडिओवर हॉकीच्या बातम्या संपल्यावर आणि हवामानाच्या आधी एक वाक्य आलं: कालिना पानासुक फ्रान्समधल्या मोठ्या क्लबकडे जाण्याची शक्यता. करार तयार होता. क्लबच्या एक बाई सामना बघायला येणार होत्या आणि सामन्यानंतर कालिनाने विमानाने जाऊन डॉक्टरी तपासणी करून सही करायची, असं ठरलं होतं. आपल्या मुलींना घरच्या मैदानावर टाळ्या मिळतात, पण वर्षभर रोज चांगलं खेळायला मिळावं म्हणून समुद्रापलीकडेच जावं लागतं. कालिना लहानपणापासून याच एका बोलावण्याची वाट बघत होती.

आणि त्याच आठवड्यात, मित्रांनो, सरावाच्या वेळी मला ती ऊब जाणवली.

तीच. एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढी. या वेळी चकती नव्हती, लाथही नव्हती. बाहेरून कोणीच काही केलं नव्हतं. सिमेंटवर आपटून आपटून हाड आतल्या आत थकलं होतं. बाहेरचा मार मी अडवतो. आतून येणाऱ्यापुढे मी काय करणार? मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

संघाची फिजिओ ओडिल क्यूबेकची, बारीक नजरेची बाई. तिने कालिनाला जिन्यावरून एकेक पायरी उतरताना पाहिलं.

"पाय का जपतेयस?"

"कुठे जपतेय? काल जरा मुंगी चावल्यासारखं झालं होतं."

"एप्रिलच्या बर्फात मुंगी?"

कालिना हसली आणि सटकली. खोलीत आल्यावर मात्र ती पलंगाच्या कडेवर बसून नडगी दोन्ही हातांनी धरून राहिली. डेनेलने टीव्ही बंद केला.

"सांग तिला."

"सांगितलं तर हाडाचा फोटो काढतील. फोटो काढला तर मला बसवतील. बसवलं की तासाभरात बातमी, आणि फ्रान्स गेलं."

"आणि तपासणीत दिसलं तर?"

"ते गुडघे बघतात, हृदय बघतात. दुखतंय असं आपण म्हटलंच नाही तर नडगीचा फोटो कोण काढतंय! एक सामना, डेनेल. मग विमानात पाय वर करून बसते. तू बोलणार नाहीस, शपथ आहे तुला."

डेनेलने शपथ घेतली, पण जेवताना तिने एकही चेष्टा केली नाही. शेजारच्या मुलींनी विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना?

सामन्याच्या दिवशी सकाळी ओरेस्ट हॉटेलवर आला. घरच्या पेरोगींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा एका हातात, दुसऱ्या हातात हॉकीची चिकटपट्टी. कालिनाने त्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं की नडगी ठणकतेय.

"घट्ट गुंडाळ," तो म्हणाला. "हाडाला काय कळतंय? तुझा बाप मोडक्या पायावर अख्खा सामना खेळलाय, माहितीये ना?"

"माहितीये टाटो. सगळ्या गावाला माहितीये."

"मग? पानासुक आहेस तू."

त्याच्या डोळ्यांत एवढा अभिमान होता की कालिनाने पट्टी घेतली आणि पिशवीत टाकली. मी पिशवीतून ऐकत होतो. ज्याचं हाड माझ्या कडेशी तडकलं तो माणूस तिला तोच उपाय देत होता, आणि अगदी प्रेमाने देत होता.

ड्रेसिंग रूममध्ये तिने कोपऱ्यात तोंड करून पट्टी गुंडाळली, एकावर एक वेढे, बोटं पांढरी पडेपर्यंत. मग तिने मला त्यावर ठेवलं आणि मोजा वर ओढला. एरवी मी तिच्या कातडीला टेकून असतो. त्या दिवशी आमच्या दोघांच्या मध्ये ते कापड होतं आणि तरीही ऊब माझ्यापर्यंत पोचत होती.

सामना सुरू झाला. ती धावली की प्रत्येक पावलाला हाड कण्हत होतं. पनामाच्या मुली दमदार, चेंडू सोडेनात. एका मुलीची लाथ थेट माझ्यावर आली. मी ती अंगावर घेतली, कालिनाला लागू दिली नाही. क्षणभर अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण लगेच ती हवेत उडाली, चेंडू डोक्याने ढकलला आणि उजव्या पायावर उतरली. आत काहीतरी किंचित हललं. टक् नव्हे. टक् व्हायच्या आधी जे होतं, ते.

तिने ओठ चावला. वर हजारो लोक तिचं नाव घेत होते. फ्रान्सच्या बाई पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. मी मनात म्हणत होतो, पोरी, खाली बस. गवतावर नुसती खाली बस. कोणी तुला खाणार नाही. पण ती पुन्हा धावली.

मध्यंतर झालं, गोल कोणाचाच नव्हता. ड्रेसिंग रूममध्ये कोच फळ्यावर काहीतरी काढत होत्या. ओडिल कालिनासमोर उकिडवी बसली.

"मोजा काढ."

"काही नाही गं. घट्ट बसलाय, परत घालायला वेळ जाईल."

"कालिना."

"खेळतेय ना मी? पळतेय ना? मग?"

ओडिलने कोचकडे पाहिलं. कोचनी घड्याळाकडे पाहिलं. पळणाऱ्या मुलीला ओढून कसं बसवायचं, तेही वर्ल्ड कप समोर असताना? सगळं तसंच सुटून जाणार होतं. तेवढ्यात डेनेल हातमोजे काढून उठली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"मी बोलणार नाही म्हणून शपथ घेतलीय, तर मी काही बोलत नाहीये. कालिना, उजव्या पायावर एक उडी मार."

सगळ्या मुली वळून बघू लागल्या.

"काय येडेपणा आहे, डेनेल?"

"एकच. लहान पोरं मारतात तशी. मार आणि मैदानावर जा. मी तुझी माफी मागेन, तुझे बूटही पुसेन."

"तुला माझं फ्रान्स नकोय का?"

डेनेलचे डोळे भरले, पण ती हलली नाही. "उडी मार ना गं."

कालिना उठली. तिने डावा पाय उचलला. तिचा सगळा भार उजव्या पायावर आला, पट्टीवर आला, माझ्यामागच्या त्या एका ठिपक्यावर आला. गुडघा वाकला. उडीसाठी शरीर ताणलं गेलं. आत्ता ती उडेल आणि आत्ता मी तो आवाज पुन्हा ऐकेन, म्हणून मी घाबरून गेलो.

ती तशीच उभी राहिली. एका पायावर, थरथरत. मग तिने डावा पाय हळूच खाली टेकवला.

"नाही जमत," ती म्हणाली. इतक्या हळू की शेवटच्या बाकावर ऐकू गेलं नसेल. "दुखतंय. खूप दुखतंय."

ओडिलने मोजा उतरवला, मला बाजूला ठेवलं आणि पट्टी कापायला घेतली. कापताना ती पुटपुटत होती, "कापडाने हाड जुळतं का गं, बाळा?"

फोटो काढला. हाडावर केसासारखी एक रेघ होती. आरपार गेलेली नव्हती. आणखी थोडं खेळली असती तर गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. ओरेस्ट तोवर खाली पोचला होता. लंगडत, धापा टाकत. ओडिलने त्याला उडीची गोष्ट सांगितली. भिंतीवरच्या त्या काळ्या-पांढऱ्या रेघेकडे तो बघत राहिला. कालिना रडत म्हणाली, "टाटो, फ्रान्स गेलं."

 तो तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "मला त्या दिवशी उडी मारायला कोणी सांगितलंच नाही गं."

मित्रांनो, यानंतर सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. फ्रान्सच्या क्लबने दुसरी मुलगी घेतली. बातमीत कालिनाच्या नावापुढे "फिसकटलं" हा शब्द आला. कॅनडा तिच्याशिवाय जिंकला आणि वर्ल्ड कपला गेला. मुलींचा तो जल्लोष घरी पाय उशीवर ठेवून टीव्हीवर बघताना तिला आनंदही झाला आणि तितकंच वाईटही वाटलं. डेनेलशी ती बरेच दिवस बोलली नाही. मग एकदा डेनेलचा फोन आला, "बोलायचं नसेल तर नको बोलूस, नुसत्या शिव्या दे," आणि कालिनाला हसू फुटलं.

पुढच्या उन्हाळ्यात नॉर्वेतल्या एका लहान गावच्या क्लबने तिला बोलावलं. तिथल्या डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच तिने नडगी पुढे केली आणि रेघेची हकीकत सांगितली. त्यांनी पुन्हा फोटो काढला, जुळलेलं हाड पाहिलं आणि सही झाली. रेडिओवर एक वाक्यही आलं नाही, त्या दिवशी हॉकीची अंतिम फेरी होती. क्लबने तिला पिसासारखे नवे पॅड दिले. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण नव्या हाडाला नवा पहारेकरी हवा, हे मलाही कळतं.

मी आता ओरेस्टच्या पिशवीत असतो. तो गावातल्या लहान मुलींना फुटबॉल शिकवतो. ज्या मुलीने पॅड आणला नसेल तिला मी मिळतो. परवा घुमटात मला घातलेली एक चिमुरडी धावता धावता थांबली आणि म्हणाली, "काका, माझा पाय दुखतोय."

"हिचा रोज दुखतो!" बाकीच्या ओरडल्या. "आळशी आहे ती! चॉकलेट खायचंय तिला!"

ओरेस्टने तिला बाकावर बसवलं, मोजा काढला, नडगीवर हळूच अंगठा फिरवला. तिला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. त्यालाही ते कळलं, मलाही. बसल्या बसल्या तिने खिशातून चॉकलेट काढलं.

"बघा काका, बघा! खोटारडी!"

"असू दे," ओरेस्ट म्हणाला. "बस तू, बाळा. परत दुखलं की परत सांग."

माझंही तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. मला धुवा, वाळवा, लाथा झेलायला पुढे ठेवा, मी कुरकुर करणार नाही. पण जे आतून दुखतं ते मला अडवता येत नाही. ते तुम्हीच सांगायला हवं. आणि दुसऱ्या कोणी सांगितलं तर हसू नका. दहा जणी चॉकलेटसाठी खोटं सांगतील, सांगू देत. अकरावीला त्यामुळेच खरं सांगायचा धीर होईल.