आई म्हणताना

"आंटी, रागावू नका, पण ढोलावर नक्की काय वाजवू? आई का हाल?"

मोरेनिकेने माइकवरून मान वळवली. वसियू नवा होता, नायजेरियातल्या इबादानहून लंडनला येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. काखेतला, बोलण्याचे चढउतार वाजवणारा ढोल दाबत त्याने तिच्या गाण्याची ओळ वाजवून दाखवली.

"आपल्या योरुबा भाषेत सगळं सुरावर असतं ना. 'इया', शेवट वर गेला की आई. असा खाली आला की हाल, यातना. तुम्ही खाली आणता. इया मी, इया मी... माझे हाल, माझे हाल. मुद्दामच लिहिलंय ना? आमच्याकडे सगळे म्हणतात, काय धाडस आहे या बाईचं!"

"चौदा वर्षं हेच गातेयस, रेनी!" मोरेनिकेला रेनी म्हणणारा गिटारवाला खो-खो हसला. तीही हसली. मग डोकं दुखतंय म्हणून तिने तालीम थांबवली, कोट चढवला आणि निघाली.

चौदा वर्षं ती त्या एका गाण्यावर उभी होती. नंतरची गाणी लोक सभ्यपणे ऐकून घेत आणि याची वाट बघत. कार्यक्रम संपल्यावर योरुबा बायका तिचे दोन्ही हात धरून म्हणायच्या, "खरं गायलीस गं." तिला वाटायचं, आईवरची माया पोचली.

त्या दोन शब्दांपलीकडे भाषा तिला येणार कुठून? ती तीन आठवड्यांची असताना आईने तिला समुद्रकाठच्या एका गावी जोन नावाच्या गोऱ्या बाईकडे सांभाळायला ठेवलं होतं. नर्सिंग शिकायला आलेल्या कितीतरी जणी तेव्हा असंच करत. बाप लागोसला परत गेला तो गेलाच. महिन्यातून एका रविवारी कडक इस्त्रीच्या झग्यातली एक बाई येई, समोर बसून तिच्याकडे बघत राही आणि पाचच्या गाडीने निघून जाई. जोनला ती 'मम' म्हणायची. त्या बाईला काहीच म्हणायची नाही. नवव्या वर्षी त्याच बाईने तिला लंडनमध्ये, पेकमला घरी आणलं. शाळेतल्या मास्तरणीने बजावलं, मुलीशी इंग्रजीतच बोला. आईने ते तंतोतंत पाळलं.

वाटेत पेकमच्या राय लेन बाजारात तिने एक सुरण घेतला, रिकाम्या हाताने गेलेलं आईला चालत नसे.

"राणीसाहेबांना वाट सापडली म्हणायची," आईने दार उघडलं. "केस असे काय? आणि हा सुरण कुणी गळ्यात मारला तुझ्या? मऊ पडलाय की."

आत चवळी शिजत होती. टीव्हीवर नायजेरियन सिनेमातली सासू सुनेला घराबाहेर काढत होती.

"मम्मी, माझ्या गाण्यात मी काय म्हणते?"

"कुठल्या?"

"तुला माहितेय कुठल्या."

आईने टीव्हीचा आवाज बंद केला. "माझे हाल, म्हणतेस."

"आणि तू एकदाही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? लेकीनं मनातलं लिहिलं. मी म्हणू, लिहू नकोस?" आई पदार्थाची कृती सांगावी तशी शांतपणे सांगत होती. "सिस्टर बुसोलाने चर्चच्या पायरीवर फोनवर ऐकवलं. बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. म्हटलं, बरोबर आहे तिचं. कपड्यांच्या पिशवीसकट देऊन टाकली होती मी. ती नाही बोलणार तर कोण बोलणार?"

"म्हणून कधी आली नाहीस ऐकायला? दर वेळी पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवायचे मी."

"आले होते. एकदा, ब्रिक्स्टनला. तिकीट काढून." आईने चष्मा पुसला. "मागे उभी राहिले. दोन हजार माणसं एका आवाजात तेच म्हणत होती. पहिल्या रांगेत बसून ऐकायचं का ते? अर्ध्यातून निघाले."

मोरेनिके म्हणाली, "मला आई म्हणायचं होतं, मम्मी. चुकलं माझं. आई असंच म्हणायचं होतं."

"खरंच?"

"खरंच."

पण म्हणताना तिला तो दिवस आठवला. जोनला पुरून आल्यावर ती समुद्राच्या कठड्यावर बसली होती आणि ती चाल तिथेच सुचली होती. तेव्हा मनात नुसती मायाच होती, असं तिला शपथेवर सांगता आलं नसतं. आईने बराच वेळ तिच्याकडे बघितलं. तिला ते कळलं असावं.

"म्हण बघू."

"इया."

"हाल."

"इया."

"हेही हालच." आई हसली. "जोनच्या घरच्या चहाने जीभ इंग्रज झालीये तुझी. राहू दे. तू आपली मम्मीच म्हण."

"मी गाणं बदलते."

"अजिबात नाही. चाल मोडेल. एवढी चांगली चाल." आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल, जेवून घे. चेहरा बघ कसा झालाय."

दोघी चवळी आणि तळलेली केळी जेवल्या. आईने मोठा मासा न विचारता तिच्या ताटात सरकवला. मग खुर्चीत मान मागे टाकून तिने डोळे मिटले.

मोरेनिके ताटं धुवायला उभी राहिली. नळाच्या आवाजाखाली, आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, ती तो शब्द म्हणून बघू लागली. पुन्हा. आणखी एकदा. मधेच तिने मागे वळून पाहिलं.

आईचे डोळे मिटलेलेच होते. मांडीवरचा हात मात्र प्रत्येक शब्दाला जरासा वर उचलला जात होता, 'इथवर ने' म्हणावं तसा, आणि सूर तिथे पोचायच्या आत हात पुन्हा खाली येत होता.