वाऱ्यावर ठेवलेला माठ

मित्रांनो, मी मंठ्याच्या कुंभाराने घडवलेला एक जुना, लहानसा माठ आहे. माझं पाणी तहानेसाठी कुणी प्यायलं नाही. जालन्याचे कापसाचे व्यापारी धर्मराज यांनी मला घेतलं ते औषधासाठी. त्यांच्या लहानग्या सगुणेला मधुमेह होता. निजामाच्या राज्यात तेव्हा हा आजार लेकरांनाही होतो, हे पुष्कळांना ठाऊकच नव्हतं. मुंबईहून रेल्वेने येणारी इन्सुलिनची बाटली उन्हाळ्यात तापली, की तिचा गुण जाई; आणि ते औषध टोचलं नाही, तर सगुणा वाचणार नव्हती.

बाटली पितळी डबीत आणि डबी माझ्या पाण्यात असे. माझ्या मातीतून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणून मला सावली हवी, ओलं फडकं हवं आणि वाराही हवा. सगुणेची आई द्वारकाबाई हे सारं सांभाळीत. पहाटे त्या काचेची पिचकारी उकळीत, भाकरी तोलून वाढीत. पोरीला कमी दुखावं म्हणून धर्मराज दगडावर सुईला धार लावीत. मी फार घरं पाहिली नाहीत, पण इतके नेमके हात दुसऱ्या घरात नसावेत.

एका वैशाखात द्वारकाबाईंच्या धाकट्या भावाचं, भुजंगचं, जाफराबादजवळच्या खेड्यात, माहेरीच लग्न होतं. बैलगाडीत वाटभर मी द्वारकाबाईंच्या मांडीवर होतो. पाणी संपत आलं, तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याचा तांब्या माझ्या फडक्यावर ओतला.

लग्नघरी त्या सगुणेला जेवू घालायला गेल्या. तेवढ्यात त्यांच्या आईने, साळूबाईंनी, मला उचललं. मोलाचं औषध म्हणून धान्याच्या बंद खोलीत, गोधडीत गुंडाळून ठेवलं. वारा थांबला आणि मी तापू लागलो. द्वारकाबाई शोधत धावत आल्या, त्यांनी डबी चाचपली. ती अजून गार होती. त्यांनी मला अंगणातल्या लिंबाखाली आणलं आणि शेजारीच बसल्या.

मांडवात अक्षता वाटल्या जात होत्या.

"भावाचं लगीन सोडून माठ राखत बसली का गं?" साळूबाई म्हणाल्या.

"हे बिघडलं तर उद्या पोरीला काय टोचू, माय? तुझे जावई येतील, मंग मी जाईन."

जावई आलेच, सगुणेचा हात धरून. "मी बसतो. तू जाय, जल्दी."

"कवापासून असं बारीबारीनं करून राह्यलाय?" साळूबाईंनी विचारलं.

"तीन वरसं झाली," धर्मराज हसले. "संगं जेवाया बसलो तर ही मलाबी तोलून वाढंल."

साळूबाई हसल्या नाहीत. त्यांनी घागर जवळ ओढली आणि माझ्याशेजारी बसल्या. "नवरदेवाच्या मायनं अक्षता बघायच्या नसतेत. मला कुठंतरी बसायचंच हाय. फडकं कवा भिजवायचं, तेवढं सांगा. अन् जा दोघं बी."

द्वारकाबाईंनी सांगितलं. साळूबाईंनी ते परत म्हणून दाखवलं, "फडकं सुकू द्यायचं न्हाई, वारा अडवायचा न्हाई. बराबर?"

दोघं सगुणेला मध्ये घेऊन मांडवात उभी राहिली. द्वारकाबाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं. मग पाहिलं नाही. पुढे ती बाटली सगुणेला शेवटच्या थेंबापर्यंत लागू पडली.

मित्रांनो, आता माझ्या बुडाला चीर गेली आहे. तुमच्या ओळखीत आजारी लेकराला असं सांभाळणारे आईबाप असतील. त्यांचं कौतुक जरूर करा. पण आधी त्यांचं काम नीट शिकून घ्या आणि थोडा वेळ त्यांच्या जागी बसा. ते उठून गेले, की परत यायची घाई त्यांना करू नका.