बांधून ठेवलेला हातोडा

मित्रांनो, मला हात लावू नका, असं तुमच्या शाळेच्या बाईंनी तुम्हाला या गॅलरीच्या दारातच बजावलं आहे. त्यांचं ऐका. मी एक जुना हातोडा आहे. अंगाभोवती सुतळीचे एवढे वेढे पाहून तुम्हाला वाटलं असेल, मोडला असेल बिचारा, म्हणून बांधलाय. तसं नाही. मी अजून धडधाकट आहे. म्हणूनच मला बांधलं आहे.

माझा जन्म मार खाऊन झाला. लोहार घण घालायचा आणि त्याची बायको पाठीशी तान्हं बांधून भाता ओढायची. पहिले काही दिवस घाव पडला की ते तान्हं दचकून रडायचं. मग त्याला सवय झाली. पुढे तर घाव थांबले की ते जागं व्हायचं. मीही त्याच्याबरोबरच शिकलो. ठण ठण चाललंय म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं मला वाटायला लागलं.

मला दोन तोंडं आहेत. एक सपाट. दुसऱ्यावर लोहाराने छिन्नीने कोरून एक खूण उठवली, एक गोल आणि त्याच्या आत दोन उभ्या रेघा. ती एका लाकूड कंपनीची खूण होती. तिथून मी मुकादमाच्या कमरेला लागलो.

काम सोपं होतं. मुकादमाचा माणूस कुऱ्हाडीने झाडाची साल तळहाताएवढी तासायचा. आतलं ओलं, पांढरं लाकूड उघडं पडलं की मुकादम मला उचलून तिथे हाणायचा. गोल आणि दोन रेघा खोल उमटायच्या. मग पुढचं झाड. मला वाटायचं, मी झाडांना बक्षिसं वाटतोय. संध्याकाळी आम्ही त्याच वाटेने परत यायचो तेव्हा माझी सगळी बक्षीसवाली झाडं आडवी पडलेली असायची. एकदा एक झाड भलत्याच बाजूला कोसळलं आणि तोडणारा खाली सापडला. त्याचे पाय तेवढे दिसत होते. मुकादमाने मला धोतराला पुसलं, आणि तो पुढच्या झाडाकडे वळला. "छाप बघा कसा उमटतो, आरशासारखा," असं तो सगळ्यांना सांगायचा. मी फुगायचो.

त्या जंगलात माणसं राहत होती. फार पूर्वीपासून. कंपनीला ती नको होती. पण माणसांना छाप मारता येत नाही, म्हणून मुकादमाने एक युक्ती काढली. घरांचे खांब म्हणजे जंगलाचं लाकूड, आणि जंगलाचं लाकूड म्हणजे कंपनीचं. तेव्हा खांबांना छाप मारायचे आणि दोर लावून ओढून काढायचे. खांब गेला की घर आपोआप बसतं.

ती सकाळ मी विसरत नाही. पहिल्याच घरात एक म्हातारी उंबऱ्यावर बसून राहिली. तिला केसांना धरून बाजूला केलं. शेजारचा एक जण धावून आला, त्याच्या डोक्यात काठी बसली आणि तो तिथेच बसला, नुसता बसून राहिला, कानातून रक्त येत असताना. त्या लोकांच्या भिंतींवर पांढऱ्या मातीने हरणं काढलेली होती. भिंत पडायची तेव्हा हरणं आधी वाकायची आणि मग मधोमध तुटायची.

पाचव्या घरात एक माणूस आपल्या मुलीबरोबर भिंत रंगवत होता. मुलगी सहा-सात वर्षांची, हातात पांढऱ्या मातीची वाटी. दाराच्या वर एक कुऱ्हाड टांगलेली होती, पात्यापासून दांड्यापर्यंत दोराने गच्च बांधलेली.

मुकादम हसला. "हिला काय अटक झालीय?"

"माणसाचं रक्त लागलंय तिला," तो माणूस म्हणाला. "असलं हत्यार आम्ही मोडत नाही, फेकतही नाही. फेकलं की कुणाच्या तरी हाती लागतं, आणि त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नसतं. बांधून ठेवतो. पोरांना सांगत राहतो."

मुकादमाने विळ्याने दोर कापला आणि कुऱ्हाड आपल्या माणसाकडे दिली. त्या घराच्या खांबाची साल त्याच कुऱ्हाडीने तासली गेली. मग मुकादमाने मला हाणलं. खांबात एक खिळा होता, मुलीचा झगा अडकवायचा. मी त्या खिळ्यावर आदळलो आणि माझ्या एका रेघेचा मधला टवका उडाला. मुकादमाने माझं तोंड पाहिलं. त्याचा लाडका छाप बिघडला होता. त्याने एक घाणेरडी शिवी दिली आणि मला पुन्हा उचललं.

त्या माणसाने खांबावर हात ठेवला. पंजा उघडा, बोटं पसरलेली.

"हात काढ," मुकादम म्हणाला, आणि त्याच श्वासात मला खाली आणलं.

मित्रांनो, हाडं मोडतात तेव्हा ओल्या फांदीसारखा आवाज येतो. हाताच्या पाठीवर गोल उमटला, आत एक सबंध रेघ आणि एक मधोमध तुटलेली. तुटक रेघेचा माझा तो पहिला छाप. मुलीच्या हातातली वाटी पडली नाही. ती वाटी छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिली. मुकादमाकडे नाही, माझ्याकडे.

पुढे कंपनी बंद पडली. मुकादम म्हातारा होऊन मेला, आणि त्याच्या सुनेने मला मोडीत काढलं. जुन्या बाजारात किती तरी वर्षं मी गंजक्या कुलुपांखाली पडून होतो. गिऱ्हाइकं मला उचलायची, "बाप रे, किती जड," म्हणायची आणि परत टाकायची. तिथून मला एका सुताराने उचललं. सगळे त्यांना सुतारमामा म्हणत. चष्म्याचं दुकान आणि लाँड्री यांच्या मधोमध एक छोटी गॅलरी होती, दोनच खोल्यांची. तिथे चित्रं टांगायचं काम मामांकडे होतं. मामा माझ्या सपाट तोंडाने खिळे ठोकायचे. दुसऱ्या तोंडाकडे त्यांनी कधी पाहिलंच नाही.

"याच्यासारखा हातोडा शोधून सापडायचा नाही," ते म्हणायचे. "आताचे हातोडे म्हणजे नुसती खेळणी." मी पुन्हा फुगायला लागलो. खोटं कशाला बोलू? मी सगळं विसरलो होतो.

मग एक दिवस गॅलरीत दोन आदिवासी कलावंत आल्या. एक साठीची, चित्रं काढणारी. दुसरी तिची भाची, लाकूड कोरणारी. भाची तिला आत्या म्हणायची, म्हणून दोन दिवसांत गॅलरीच्या मालकीणबाईसुद्धा आत्या म्हणू लागल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. आत्यांना खुर्ची द्यायच्या, स्वतः उभ्या राहायच्या.

चित्रांवरचे कागद सुटले तेव्हा मी शिडीवर होतो. मी पाहिलं आणि माझं लोखंड गरम झालं. प्रत्येक चित्रात माझा छाप होता. झाडांवर, हरणांच्या पोटावर, झोपलेल्या बाळाच्या कपाळावर. आधी मला अभिमानच वाटला, बघा. एवढ्या वर्षांनी कुणी तरी मला ओळखलं. मग दिसलं, प्रत्येक छापात एक रेघ तुटकी आहे. आणि शेवटी भाचीने कोरलेला खांब उघडला. माणसाएवढ्या खांबावर एक उघडा पंजा होता, बोटं पसरलेली, आणि त्याच्या पाठीवर तो गोल.

प्रत्येक चित्राखाली बाईंनी एक कार्ड लावलं होतं. भाचीने एक मोठ्याने वाचलं. "'सूर्य आणि दोन नद्या. या जमातीचं पारंपरिक शुभचिन्ह. तुटलेली रेघ म्हणजे उन्हाळ्यात आटणारी नदी.' आत्या, अभिनंदन. तुला दोन नद्या झाल्या."

"बाई, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं," आत्या म्हणाल्या. "तो छाप आहे. कंपनीचा."

"सांगितलंत ना. पण आत्या, कंपनीच्या कागदांत तुमची माणसं आपखुशीने गेली असं लिहिलंय. उद्या त्यांच्या वारसांनी नोटीस धाडली तर मी काय दाखवू? तुमच्या आठवणी?" बाईंनी आवाज खाली आणला. "आणि संध्याकाळी ते हॉटेलवाले येताहेत. फोटोत पाहून खांब त्यांना फार आवडलाय. दारात ठेवणार म्हणतात. पाहुण्यांचं स्वागत करणारा हात."

भाचीच्या तोंडून एक आवाज निघाला. त्याला हसणं म्हणता आलं नसतं.

"माझ्या बापाचा हात आहे तो," आत्या म्हणाल्या. "त्या दिवसानंतर त्याला कुंचला धरता आला नाही. मी धरायची, तो सांगायचा. त्याचं मोडलेलं हाड तुम्ही दारात स्वागताला उभं करणार?"

"पुरावा आणा, कार्ड बदलते," बाई म्हणाल्या आणि फोन वाजला म्हणून आतल्या खोलीत गेल्या.

पुरावा शिडीच्या पायरीवर पडला होता, आणि त्याला तोंड असून बोलता येत नव्हतं.

मामांनी खांबासाठी भिंतीत जाड हूक ठोकला आणि मला टेबलावर ठेवलं. त्या दिवशी प्रथमच कोरलेलं तोंड वर करून. आत्या खांबाची उंची बघायला आल्या. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी बोटाचं टोक माझ्या टवक्यात घातलं. नेमकं बसलं.

"मामा, हा कुठला?"

"जुन्या बाजारातला. का हो?"

"यात तुटकी रेघ डावीकडे दिसते. चित्रात उजवीकडे आहे."

"छापात सगळं उलटंच उमटणार की," मामा सहज म्हणाले.

"हो. ठोकूनच बघते."

त्यांनी मला उचललं आणि पांढऱ्या भिंतीवर हाणलं. गिलावा फुटला. गोल, एक सबंध रेघ, आणि उजवीकडे तुटकी. आत्यांनी आपलं चित्र पाहिलं, भिंत पाहिली. मग त्या पहिल्या कार्डापाशी गेल्या आणि त्याच्या मधोमध मला हाणलं. कार्ड फाटून आत गेलं. मग दुसरं. तिसरं. चुना त्यांच्या केसांत पडत होता. मामा "अहो, अहो" करत मागे धावत होते. भाची हाताची घडी घालून उभी होती. भिंत हादरून एका चित्राची काच खळ्‌कन खाली आली. मित्रांनो, मला आनंद होत होता. ठण ठण चाललं होतं. मला तेवढंच कळायचं.

एकच कार्ड उरलं, खांबाशेजारचं. मालकीणबाई आतून धावत आल्या आणि त्यांनी त्या कार्डावर हात ठेवला. पंजा उघडा, बोटं पसरलेली.

"बस्स, आत्या. भिंत माझी आहे."

मी वर होतो. पार डोक्याच्याही वर. उचललं की पडायचं, हेच मला ठाऊक. माझं सगळं वजन त्या हाताकडे ओढत होतं. मला तो आवाज पुन्हा ऐकू यायला लागला होता, ओल्या फांदीचा.

"हात काढ," आत्या म्हणाल्या.

आणि त्या थांबल्या.

मुकादम थांबला नव्हता. माझ्या सगळ्या आयुष्यात मला उचलून कुणी थांबलं नव्हतं. आत्यांचा घाम कोपरापर्यंत आला होता, पण मी जिथल्या तिथे होतो. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. शेजारच्या खांबावरच्या हाताकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे. ते दोन्ही हात सारखेच ठेवलेले होते. बाईंचा चेहरा चुन्यासारखा झाला.

त्यांनी हात काढला. काढताना बोटांनी कार्डही ओढून काढलं आणि चुरगाळलं.

आत्यांनी मला हळूच खाली, फरशीवर ठेवलं, बाळ ठेवावं तसं. मग त्या स्वतःही खाली बसल्या.

"माझ्या हातून झालं असतं," त्या भाचीला म्हणाल्या. "बघितलंस? एवढ्यात झालं असतं. मुकादम काय शिंगं घेऊन आला नव्हता. सुतळी आण."

चित्रं बांधून आणलेली सुतळी कोपऱ्यात पडली होती. भाचीने मांडीवर वळून तिचा जाड पीळ केला. आत्यांनी माझ्या तोंडापासून दांड्यापर्यंत वेढे घातले. कोरलेलं तोंड तेवढं उघडं ठेवलं.

"मग मी खिळे कशाने ठोकू, कपाळाने?" मामा म्हणाले. पण सुतळीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.

संध्याकाळी हॉटेलवाले आले. फुटलेल्या भिंती पाहिल्या, नवं कार्ड वाचलं आणि चहा न घेताच गेले. कार्ड बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. "हा छाप आहे. ज्याने मारला तो हातोडा शेजारी आहे." पुढे कंपनीच्या वारसांची नोटीसही आली. बाईंनी वकिलाला बोलावून माझ्यासमोर उभं केलं. भिंती त्यांनी बुजवल्या नाहीत. खांब विकला गेला नाही, आणि दर वर्षी आत्या येऊन त्यावरची धूळ पुसतात.

माझी नाही पुसत. बरोबरच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा, तेल-पाणी करा, अडगळीत टाकू नका. मला तेल नको. गंज चढतोय तो चढू द्या. माझी एवढीच विनंती आहे की सुतळी जपा. ती दर पावसाळ्यानंतर सैल होते. वेढा ढिला दिसला तर मालकीणबाईंना सांगा, मामांना सांगा, नाही तर स्वतः मांडीवर नवी सुतळी वळायला शिका. कारण मी अजून जड आहे, अजून हातात छान बसतो. आणि मला उचलून थांबता येणारं माणूस मी आजवर एकच पाहिलं आहे.