लंकाबाईचं कडवं

आमच्या रविराज सरांना ‘अस्सल’ हा शब्द फार आवडतो. तो उच्चारताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात थुंकी जमते आणि ती ते जिभेनं आत ओढून घेतात. ग्रामीण ख्रिस्ती गीतांवर पाच वर्षं मी त्यांच्याकडे पीएच.डी. करतेय आणि पाच वर्षं मला त्या जिभेची किळस येतेय. पण प्रबंधावर मार्गदर्शकाची सही लागते, म्हणून मान डोलवत राहिले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं माझी आई म्हणते. तिला गाढवाची दया येते, मला हरीची लाज वाटते.

भागूबाई पगारे मला श्रीरामपूरजवळच्या एका वाडीत भेटल्या. वय सत्तरीचं, आवाज विशीतला. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटीवर छापील गीतं होत. घरी प्रार्थनेला मात्र त्या टाळ-ढोलकीवर आपल्या सासूची गाणी म्हणत. सासू लंकाबाई. अंगठा उठवणारी बाई, उसाच्या फडात कोयता चालवता चालवता येशूची गाणी रचायची. तिचा एक फोटो नाही. थडग्यावरचा लाकडी क्रूस वाळवीनं कधीच खाल्ला. ती उरली होती ती प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात, कारण तिथं ती आपलं नाव घालायची.

त्या घरात एक रीत होती. नावाचं कडवं आलं की टाळ थांबायचा, ढोलकी थांबायची. भागूबाई डोक्यावर पदर घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि ते कडवं साथीशिवाय म्हणायच्या, म्हणजे नाव कशाखाली दबायला नको. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पाचटाची कोपी । चिमणीचा दिवा ।
येशू माझा तवा । दारी आला ॥

असं ते गाणं फडावरच्या खोपटापासून सुरू होई आणि संपताना:

वाजला गं भोंगा । पाटाला ये पानी ।
लंकाबाई गानी । त्याची गाते ॥

रेकॉर्डिंग झाल्यावर मी सांगितलं, की हे आमच्या सरांच्या पुस्तकात येईल. त्यांनी शाल मागितली नाही, काही मागितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “तिचं कडवं तेवढं ऱ्हाऊ दे, पोरी. मी गेल्यावर ते म्हननारं कोन न्हाई.” मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. शब्द द्यायला काय लागतं.

मग सर स्वतः चित्रीकरणाला वाडीवर आले. आल्या आल्या त्यांनी फ्रिज कॅमेऱ्यात येतो म्हणून त्यावर गोधडी टाकायला लावली. प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर गेल्या. भागूबाईंना पातळ बदलून नऊवारी लुगडं नेसायला सांगितलं आणि त्यांच्याकडे नव्हतं, तर शेजारणीचं मागवलं. गॅस असताना चूल पेटवली. त्या धुरात बिचारी खोकत गायली आणि सर डोळे पुसत म्हणाले, “अस्सल!” जाताना अंगणातल्या नळावर त्यांनी साबण मागून घेऊन दोनदा हात धुतले. मी बघत होते. भागूबाईही बघत होत्या.

गाणं टाइप करून दिलं, तर सरांनी शेवटच्या कडव्यावर लाल फुली मारून बाजूला लिहिलं, ‘प्रक्षिप्त’. म्हणजे मागाहून कुणीतरी घुसडलेलं. त्यांचा सिद्धांत होता, की ही गीतं दीडशे वर्षांची, पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतलेल्या पिढीची, सगळ्या समाजाच्या मुखातून आलेली. आता दीडशे वर्षांपूर्वी साखर कारखान्याचा भोंगा कुठून वाजणार? सिद्धांत मोडण्यापेक्षा भोंगा मोडणं सोपं, आणि भोंग्याबरोबर बाईही गेली.

मी म्हटलं, की सर, रचणारीची सून जिवंत आहे, जाऊन विचारू. ते हसले. माहितीदाराचं सगळंच खरं धरायचं नसतं, असं समजावलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुझा प्रबंध माझ्या टेबलावर किती महिने पडून आहे गं? पुढं काही बोलायची गरज नव्हती. ‘रचयिता अज्ञात’ ही अक्षरं मी माझ्या बोटांनी टाइप केली. दोनदा तपासलीही, शुद्धलेखनाची चूक राहू नये म्हणून.

पुस्तक आलं तेव्हा नगरला कॉलेजात चर्चासत्र ठेवलं. भागूबाईंचा सत्कार, पाच मिनिटं गायन आणि लगेच प्रकाशन. त्यांना एसटीनं मीच घेऊन आले. त्या रस्ताभर आनंदात होत्या. राहुरीच्या स्टँडवर त्यांनी मला डाळिंब घेऊन दिलं आणि सांगितलं, की सासूनं नगर फक्त दवाखान्यासाठी बघितलं होतं, आज तिचं नाव तिथं माईकवर जाणार. मी डाळिंब न फोडताच पर्समध्ये टाकलं.

सभागृहात सरांनी मला ॲम्प्लिफायरजवळ बसवलं. वाकून कानात म्हणाले, “शेवटचं कडवं सुरू झालं की माईक बंद. पुण्याचे पाहुणे आलेत. शोभा नको.” त्यांच्या तोंडाला केशरी पेढ्याचा वास येत होता. मी मान डोलवली.

भागूबाई छान गायल्या. साथीला कॉलेजच्या मुली होत्या, त्यांनी टाळ बरा धरला. मग भागूबाईंनी हात वर केला. मुली थांबल्या. भागूबाईंनी डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले.

मी स्वतःला खूपदा विचारलंय, की तेव्हा माझ्या मनात काय होतं. खरं सांगायचं तर काहीच नव्हतं. बोट गेलं आणि बटण दाबलं गेलं. मनात काही घालमेल झाली असती, तर निदान स्वतःची इतकी शिसारी आली नसती.

कर्णे गप्प झाले. सर पहिल्या रांगेत उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. गाणं संपलं असं समजून पाहुण्यांनी वाजवल्या, मग सगळ्या सभागृहानं. मंचावर भागूबाईंचे ओठ हलत होते. भोंगा, पाट, लंकाबाई. मी दहा फुटांवर होते आणि मलाही एक अक्षर ऐकू आलं नाही.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा टाळ्या चालूच होत्या. शाल, नारळ, फोटो झालं. सरांनी पुस्तक उंच धरलं आणि लोकप्रतिभेला नाव नसतं, तीच तिची थोरवी, असं बोलले. जेवणात पाहुण्यांनी बासुंदी दोनदा घेतली. माझ्या प्रबंधाच्या प्रमाणपत्रावर सरांनी तिथंच सही केली, वाटीचा चिकट हात रुमालाला पुसून. कागदावर बोटाचा डाग पडला.

भागूबाई मागच्या पायऱ्यांवर मला शोधत आल्या. शाल नीट घडी करून काखेत धरली होती. मला वाटलं, आता विचारतील. मी सही केलेला कागद पर्समध्ये सारला आणि काय खोटं सांगायचं, ते जुळवू लागले.

जुळवायची वेळच आली नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे भरून आले होते त्यांचे. “बघितलंस ना पोरी,” त्या म्हणाल्या, “तिच्या नावाला किती टाळ्या पडल्या ते.”

“व्हय, मावशी,” मी म्हटलं. “लई पडल्या.”